पिराचा श्वास

मंगोलांचा वेढा पडला, तेव्हा अख्खं गाव तटाला लागून असलेल्या पिराच्या कबरीपाशी लोटलं होतं. आमच्याकडे कबरीच्या दगडात पाखरांसाठी खळगा कोरून पाणी ठेवतात. त्या खळग्यातलं पाणी आपोआप थरथरत होतं. वारा नाही, कुणाचा हात नाही. बायका रडत होत्या, पुरुष माथा टेकत होते. माझी आई तर अंथरूण घेऊन तिथंच राहायला गेली होती.

"हा पिराचा श्वास आहे," कबरीची देखभाल करणारा तुराबी शेख दाढी कुरवाळत सांगत होता. "बाबा जागे होतायत. पाणी उसळलं की उठतील, आणि एका फुंकरीत मंगोल पार चीनला जाऊन पडतील. तोवर इथून हलाल तर बाबांची झोप मोडेल."

बाबांना जाग यायला हवी, पण झोप मोडता कामा नये, हे कसं ते कुणी विचारलं नाही. बुडत्याला काडीचा आधार.

माझा भाऊ फर्रुख मदरशात भूमिती शिकवायचा. त्यानं तटाच्या कडेनं ठिकठिकाणी पाण्याच्या पराती मांडल्या. कबरीजवळची थरथरली, लांबच्या निवांत राहिल्या. मग त्यानं जमिनीला कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हा श्वास नाही, कुदळी आहेत," तो म्हणाला. "मंगोल तटाखालून भुयार खणतायत. इथं उकरू द्या, आपण खाली उतरून त्यांना अडवू. नाहीतर निदान इथून उठा तरी."

"पिराची कबर उकरतोस? मुडद्या, हात झडतील तुझे," एक म्हातारी म्हणाली. लोकांनी त्याला धक्के मारून हाकललं.

मी आईचा हात धरला. "आई, चल ना. फर्रुख कधी खोटं बोललाय का?"

"नाही गं. पण तो नुसती भीती घालतो. शेख निदान धीर तरी देतो." तिनं गोधडी अंगावर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी खरंच उसळलं. "बाबा उठले," असा गलका झाला आणि तट त्यांच्या अंगावर कोसळला. मंगोलांनी भुयारात तटाला पेलून धरणारे लाकडी टेकू जाळले होते. आई सापडली नाही. तुराबी सापडला, कबरीला मिठी मारलेला. स्वतःच्याच थापेवर त्याचा विश्वास बसला होता.

खाली कुदळी मारणारे शेजारच्या पडलेल्या गावचे कैदी होते, हे नंतर कळलं. मंगोल आत घुसले, पण मला विणकाम येतं म्हणून त्यांनी जिवंत ठेवलं. फर्रुखला पुढच्या गावचा तट खणायला हाकलत नेलं.

मंगोल बलाढ्य होते, गाव कदाचित तसंही पडलं असतं. पण आईला उठून यायला अख्खी रात्र होती. म्हणून सांगते, नवल दिसलं की हात जोडण्याआधी कारण शोधा. आणि कारण सांगायला कुणी आलंच, तर त्याला हाकलू नका.