सांगेपर्यंत

"अगं, पाज ना त्याला! कधीचा रडतोय बिचारा," कोकिळा काउंटरच्या आतून म्हणाली.

तीन महिन्यांचं पोर आजीच्या, भागाबाईंच्या मांडीवर टाहो फोडत होतं आणि त्याची आई हेमलता चांगलं अंतर ठेवून भिंतीकडच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती.

"पाजू कशी, अक्का? तुम्ही आजून सांगं नही ना," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आम्ही सांगेपर्यंत पाजू नका, असं तुम्हीच सांगेल व्हतं. फोननी वाट देखी राह्यनूत. दूध रोज काढीसन टाकी देस मी."

कोकिळा काउंटरमागून उठून बाहेर आली.

धुळ्याच्या त्या स्कॅन सेंटरमध्ये यकृत आणि पित्ताशयाच्या स्कॅनला येणाऱ्यांना समजावून सांगायचं काम कोकिळाचं. हाताच्या शिरेत इंजेक्शन देणार, त्यात थोडंसं किरणोत्सारी औषध असतं, ते यकृतातून पित्ताशयात उतरतं आणि वरचा कॅमेरा त्याचे फोटो काढतो. घाबरायचं काही नाही. नंतर भरपूर पाणी प्यायचं. सगळं तिला तोंडपाठ. माहेर पिंपळनेरकडचं, घरी हेमलताच्या बोलीशिवाय, अहिराणीशिवाय शब्द निघत नसे. पण कामाचा पांढरा कोट चढवला की बाईसाहेबांची भाषाही इस्त्रीची होई. आपल्यासारखं कुणाला सांगता येत नाही, असा तिचा ठाम समज होता, आणि इतकी वर्षं तो खोटा ठरायची वेळही आली नव्हती.

बाळाला पाजणारी बाई असली की ती एक वाक्य जास्त सांगायची. आजच्या दिवस बाळाला मांडीवर घेऊ नका, दूध काढून टाका, उद्यापासून खुशाल पाजा. मागच्या आठवड्यात हेमलताला बाळाला मांडीवर घेऊ नका एवढंच सांगून झालं होतं, तोच आतून योगराज टेक्निशियनने हाक मारली, कुणा पेशंटला उलटी झाली होती. "आम्ही सांगेपर्यंत पाजू नका हं," एवढं घाईत म्हणून कोकिळा धावली. निघताना नीट सांगू असं तिच्या मनात होतं. ती बाहेर आली तेव्हा सासू-सून एसटी गाठायला निघून गेल्या होत्या, आणि मग फोन करायचं तिच्या डोक्यातूनच गेलं.

आज डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून हेमलताचा रिपोर्ट बघितला. पित्ताशय नीट काम करत होतं, ऑपरेशनची गरज नव्हती. तेवढ्यात भागाबाईंनी पिशवीतून दुधाची बाटली काढली.

"अंगावरचं का नाही पाजत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तपासणी व्हयनी तवयपाशी बंद शे," भागाबाई म्हणाल्या.

"आठवडाभर? एका दिवसाचं होतं ते! कुणी सांगितलं तुम्हाला असलं?"

कोकिळा दारातच उभी होती. 'मी' म्हणायचं होतं, एवढंच. हेमलताने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"मीच बराबर आयकं नही, डाक्टरसाहेब," ती म्हणाली.

अक्कांना बोलणी बसू नयेत म्हणून ती तसं म्हणाली, की चूक आपलीच असं तिला खरंच वाटत होतं, कोण जाणे. डॉक्टर तिला बरंच बोलले. सांगतात ते नीट ऐकायचं, नाही कळलं तर विचारायचं, तोंड कशाला दिलंय देवाने. हेमलता मान डोलवत राहिली आणि कोकिळा फरशीकडे बघत राहिली. आपण इतक्या भित्र्या आहोत हे तिला आजच कळत होतं आणि त्याची तिला किळस येत होती.

बाहेर आल्यावर तिने हेमलताला कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि पडदा ओढला. भागाबाईंनी पोर सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"धाकला आते बाटलीलेच वळखस," त्या पुटपुटल्या. "आन हिनं दूध बी कमी व्हई गयं."

हेमलताने पदर बाजूला केला आणि थांबली. "आते पाजू का, अक्का?"

कोकिळा तिच्याजवळ खाली बसली. कोटातली भाषा कुठल्या कुठे गेली.

"पाज, माय. पाज. तुनी काही चूक नही व्हती. मीच सांगं नही."

हेमलताने ते ऐकलं की नाही कळलं नाही. तिचं सगळं लक्ष पोराकडे होतं. त्याने छातीला तोंड लावलं, क्षणभर ओठ हलवले आणि मान फिरवून रडायला लागला. तिने त्याला थोपटलं, दुसऱ्या बाजूला घेतलं. पुन्हा तेच झालं. आईचा वास ओळखीचा वाटत होता म्हणून तो बिलगायचा आणि मग रागाने डोकं मागे टाकायचा.

शेवटी हेमलताने वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर कोकिळाला बरं वाटलं असतं. पण ती नुसती बघत होती, आता पुढे काय करायचं ते अक्का सांगतील म्हणून.