दोन दिवसांचं मीठ

मी एक जुना टेम्पो आहे. परभणी जिल्ह्यातल्या बोरी गावात पत्र्याच्या शेडखाली उभा असतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, टेम्पोचं काय ऐकायचं? पण माझ्या पोटात एक घर आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी दुधासारखा पांढरा होतो. सूर्यभाननं मला घेतलं आणि अकरा वर्षं मी बोरीची पोरं जिंतूरच्या शाळेत पोचवली. माझ्या सीटांवर किती डबे सांडले, किती पोरं पेंगली, त्याची मोजदाद नाही. मग नव्या गाड्या आल्या आणि माझं काम सुटलं. लोक म्हणाले, विकून टाक. सूर्यभाननं विकलं नाही. त्यानं मागच्या सीटा काढून फळ्यांचा पलंग ठोकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बांधली. गीताबाईनं जुन्या लुगड्याचे पडदे शिवले.

हे सगळं एकाच कारणासाठी. गीताबाईला समुद्र बघायचा होता.

गीताबाई सूर्यभानची बायको. ती अंगणवाडीत शिकवायची. तिथं भिंतीवरच्या चित्रात समुद्र होता. दरवर्षी कुणीतरी पोर विचारायचं, "बाई, समुद्र केवढा असतो?" ती सांगायची, "येलदरीच्या धरणाएवढा." तिनं धरण पाहिलं होतं. समुद्र पाहिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही निघालो. तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीच्या पुढं एका वळणावर ती ओरडली, "आवं, थांबवा!" मी थांबलो. ती खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मी तीस वर्षं पोरांना खोटं सांगितलं की!"

"मग आता काय, घरोघर जाऊन माफी मागतीस?"

"मागते की. तुमीच न्यायचं गाडीतून."

तो दिवस मी विसरणार नाही. आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं चाललो होतो. ऊन परभणीचंच, पण ओलं. सूर्यभान सारखा गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसायचा. गीताबाई खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती. जिथं वाळू दिसे तिथं ती मला थांबवायला लावी. सूर्यभान कुरकुर करी आणि थांबवी.

दुपारी भाकरी टाकायला म्हणून त्यानं मला थेट पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर नेऊन उभं केलं. आमच्याकडं पूर्णा नदीच्या पात्रात उन्हाळ्यात गाड्या अशाच उभ्या करतात. आभाळ कोरडं आहे, धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा वाजला नाही, मग पाणी येईल कुठून?

पाणी आलं. आधी माझ्या पुढच्या चाकाला लागलं, मग दोन्ही चाकांना. जाळी वाळवणारी एक बाई लांबून ओरडली, "ओ काका, गाडी काढा! भरती आली!"

"आभाळात तर टिपूस न्हाई!" सूर्यभान म्हणाला.

"आभाळातून नाय येत, समोरून येतंय! बघा की!"

तोवर माझी चाकं रुतली होती. पाणी पायरीवरून आत शिरलं. किनाऱ्यावरच्या दहा-बारा माणसांनी दोर लावून मला ओढलं. सूर्यभान चिखलात ढकलत होता, आणि गीताबाई गुडघाभर पाण्यात अर्धी भाजलेली भाकरी हातात धरून हसत होती. "समुद्रच आला की आपल्या घरी पाव्हणा!"

निघताना त्या बाईनं बजावलं, "गोड्या पाण्यानं खालून धुवा हो. मीठ लोखंड खातं."

घरी आल्याबरोबर सूर्यभान बादली घेऊन आला. माझ्या पायरीवर, चाकांच्या आत मीठ वाळून पांढरं झालं होतं. गीताबाईनं त्याचा हात धरला. "दोन दिवस राहू द्या. पोरांना दावायचंय."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीची सगळी पोरं माझ्याभोवती जमली. गीताबाईनं नखानं मीठ खरवडून एकेकाच्या जिभेवर ठेवलं. "हा समुद्र. असा खारट असतो. आन् येलदरीएवढा न्हाई. मी चुकले होते." पोरांनी तोंडं वाकडी केली आणि पुन्हा मागितलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली.

मित्रांनो, त्यानंतर माझं दार कुणी उघडलं नाही. पत्र्याखाली असल्यानं पाऊसही मला धुवू शकला नाही. माझी पायरी लाल झाली, मग फुगली, मग तिला भोक पडलं. सूर्यभान रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसे. हात मात्र लावत नसे.

परवा त्याची मुलगी धम्मशीला पाथरीहून आली. ती तिथं शाळेत शिकवते. तिनं मला खालून वाकून पाहिलं.

"बाबा, आता न्हाई धुतलं तर हा भंगारातच जायचा."

"तुझी आई राहू द्या म्हणली होती."

"दोन दिवस म्हणली होती, बाबा. तीन वर्षं झाली."

सूर्यभान उठला आणि हौदावरून बादली भरून आणली. पायरीवरचं मीठ नखानं खरवडून त्यानं जिभेला लावलं. "आजून खारटच हाय," तो म्हणाला, आणि पाणी ओतलं. एक बादली, दुसरी, तिसरी. चौथीला धम्मशीलानं झाडू घेतला. आतले पडदे धुऊन वाळत घातले. दुसऱ्या दिवशी वेल्डर आला आणि गंजलेली पायरी कापून नवी बसवली.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी गाडी, सायकल, शिलाई मशीन उभी असेल. कुणाची तरी म्हणून तुम्ही तिला हात लावत नसाल. हात लावा. धुवा, तेल द्या, चालवा. नुसतं जपून ठेवलेलं लोखंड गंजतं, आणि मग आठवणीला बसायलाही जागा उरत नाही.

येत्या रविवारी सूर्यभान मला बाहेर काढणार आहे. मीठ चाखलेली अंगणवाडीतली पोरं आता मोठी झाली आहेत. त्यांना तो येलदरीला नेणार आहे. धम्मशीलाला तो म्हणाला, "पर आधीच सांगू बरं का. हे नुसतं धरण हाय. समुद्र लय मोठा असतो."