दाताखालची माती

कारखान्यात सगळे तिला गाळबाई म्हणत, आणि तिच्या लेकीला त्या नावाची मनस्वी चीड होती. लेक लहान असताना दोघी बाजारात गेल्या होत्या, तेव्हा समोरून पॅकिंगमधला एक माणूस हात हलवत आला होता, "काय गाळबाई, आज सुट्टी?" लेकीनं आईचा पदर घट्ट धरला आणि तिला ओढतच घरी आणलं. आपल्या आईला लोक नावं ठेवतात, एवढीच खूणगाठ तिनं त्या दिवशी मनाशी बांधली.

आता लेक बारावी झाली होती. विद्यापीठात कोणता विषय घ्यायचा, ते संध्याकाळपर्यंत मोबाइलवर भरून टाकायचं होतं. लेकीचं ठरलेलं होतं. भूशास्त्र. आईचा विषय.

आणि आईला नेमकं तेच नको होतं.

नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं, कारण बी तिनंच पेरलेलं. पोरीला भरवताना, वेणी घालताना, तापात उशाशी बसून तिनं गोष्टी सांगितल्या त्या सगळ्या भूशास्त्र शिकतानाच्या दिवसांच्या. नदीकाठचे तंबू. खांद्यावर हातोडी, गळ्यात भिंग. उन्हानं रापलेल्या पोरी आणि त्यांची न संपणारी चेष्टामस्करी. माती ओळखायची तर चिमूटभर दाताखाली धरायची, आणि कुठली कशी लागते ते विसरू नये म्हणून पोरींनी गाणं रचलं होतं:

कचकच लागे दाती, तिला म्हणू गाळ ग
लोण्यावाणी जिभेला ती, चिकणमाती बाळ ग

हे गाणं ऐकत लेक झोपायची. पण त्या नदीच्या पुढचं आईनं तिला कधी सांगितलंच नाही. पदवी हातात आली आणि दारोदार फिरताना लोक विचारायचे, "भूशास्त्र म्हणजे भूगोलच ना?" बरोबरच्या मुली कुठे कुठे चिकटल्या, ही मात्र घरात बसून भिंतीचे पोपडे मोजत होती. शेवटी चॉकलेटच्या कारखान्यात, कोठारावर माणूस हवा होता म्हणून गेली आणि तिथलीच झाली.

सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "तुझ्या आईनं दगड फोडले, तिला चॉकलेट मिळालं. तू चॉकलेटच शिक. बघू, दगड मिळतात का."

"बाबा, हसू येत नाहीये," लेक म्हणाली.

"मला येतंय थोडं," आई म्हणाली. तिची कारखान्यातली पाळी दुपारची होती. "चल, आधी माझ्या जुन्या विभागात जाऊन येऊ. मला शिकवणाऱ्या सरांना भेट. त्यांचं ऐक, मग काय ते भर."

तिच्या मनात वेगळंच होतं. सर खरं बोलणारा माणूस. यात पुढे काही नाही, असं ते सांगतील. आपण वाईट व्हायला नको.

विभागाचा जिना चढताना तिचा पाय आपोआप तिसऱ्या पायरीवर जपून पडला. ती पायरी तेव्हाही हलायची. वर तोच वास होता, धुळीचा, लोखंडाचा, जुन्या लाकडाचा. भिंतीभर खणच खण, आणि खणाखणांत कापसावर निजवलेले दगड. खिडकीजवळच्या बाकावर तिनं हात फिरवला. इथे बसून ती ऊन तिरकं होण्याची वाट बघायची. तिरक्या उन्हात साधा काळा दगडसुद्धा आतून चमकायला लागतो. ती बोलत सुटली, हा खण कुणाचा, या कोपऱ्यात कोण रुसून बसायची, या नळाखाली किती नमुने धुतले. लेक तिच्याकडे टक लावून बघत होती.

सर निवृत्त होऊन जमाना झाला होता, तरी रोज यायचे. कोणता दगड कुठल्या खणात, हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं.

"ये ग. दगड वाढले, मुलं कमी झाली," ते म्हणाले. "कुठे असतेस?"

"चॉकलेटच्या कारखान्यात, सर. दळणाकडे." तिनं घाईघाईनं लेकीला पुढे केलं. "ही म्हणते भूशास्त्र घेते. तुम्हीच सांगा हिला, यात पुढे काय आहे ते."

सर बोटांवर मोजू लागले. "तुमच्या वर्गातली एक बँकेत आहे. दोघी शाळेत शिकवतात. एकजण विमानात प्रवाशांना पाणी देते, आणि वरून डोंगर ओळखून कळवते मला. एकटा तो उंच मुलगा खाणीवर गेला, तोही परत आला, आता कुत्र्यांचा दवाखाना चालवतो. हे असं पुढे. मी कुणाला सांगितलं नव्हतं असं करा म्हणून." ते उठले, दोन वाट्यांत दोन तऱ्हांची माती घेऊन आले. "हे बघ बाळ. यातला गाळ कोणता आणि चिकणमाती कोणती?"

लेकीनं माती बोटांनी चुरडायचा विचारही केला नाही. चिमूट उचलली, पुढच्या दातांखाली धरली, डोळे मिटले. मग दुसरी.

"हा गाळ. ही चिकणमाती."

"वा. आवडली?"

"काय?"

"माती ग."

लेकीनं उत्तर द्यायच्या आधी आईकडे पाहिलं. एवढंसंच. पण आईला ते बघणं पाठ होतं. लहानपणी कडू औषध गिळून झालं की पोर असंच बघायची, समोरच्याला बरं वाटलं का ते.

आईनं सरांना नमस्कार केला आणि लेकीला घेऊन खाली आली. अंगणातल्या बाकावर बसवलं.

"तुला दगड आवडतात?"

"हो."

"खरं सांग. मी रागवत नाही."

लेक बुटाच्या टोकानं जमीन उकरत राहिली. "नदीबद्दल सांगताना तू किती वेगळी दिसतेस. कारखान्यातून येतेस तेव्हा गप्प असतेस. ते लोक तुला गाळबाई म्हणतात. मला वाटलं... तुझं राहून गेलं ना. कुणीतरी पुरं करायला हवं."

आईला हसावं की पोरीला जवळ घ्यावं ते कळेना. तिनं घड्याळ पाहिलं. पाळीची वेळ झाली होती.

"चल माझ्याबरोबर. आजवर तुला नेलं नाही, ते चुकलंच."

कारखान्याच्या दळणखात्यात पाऊल टाकताच ऊबदार, भाजलेला वास अंगावर आला. पोलादी रूळ एकमेकांना घासत फिरत होते, आणि त्यांच्यामधून तपकिरी साय पातळ होत उतरत होती. यंत्रावरचा काका, पोट सांभाळत स्टुलावर बसलेला, ओरडला, "आली का गाळबाई? दळणाचा घाणा केव्हाचा खोळंबलाय. मशीन म्हणतंय झालं. पण मशीनला दात कुठेत?"

"मशीन बरोबर असतं बहुतेक, काका. ही माझी लेक."

"मग हिला सांगितलंस का, नाव कसं पडलं ते?"

"तुम्हीच सांगा. नाहीतर पोट दुखेल तुमचं."

काका रंगात आला. "कोठारासाठी माणसं आली होती ग. साहेबांनी प्रत्येकाला ताज्या दळणाची चिमूट दिली, कसं लागतं विचारलं. कुणी म्हणे छान, कुणी म्हणे फारच छान. हिनं दाताखाली धरलं, डोळे मिटले, आणि म्हणाली, 'यात अजून गाळ आहे.' चॉकलेटात गाळ! आम्ही हसून हसून लोळलो. साहेब हसले नाहीत. रूळ उघडून बघितला, तर एका बाजूनं झिजलेला. कोठार राहिलं बाजूला, हिला इथे बसवलं. तेव्हापासून गाळबाईनं हो म्हटल्याशिवाय आम्ही घाणा सोडत नाही."

आईनं हात धुतले, पाण्यानं चूळ भरली. लाकडी पट्टीनं थोडंसं दळण घेतलं, दातांवर पसरलं आणि डोळे मिटले. रुळांची घरघर चालूच होती, पण आजूबाजूच्यांचे हात थांबले. जीभ सावकाश फिरत होती. तिच्या कपाळावरची आठी सुटली, ओठांच्या कडेला हसू आलं. नदीच्या गोष्टी ऐकताना लेकीनं पाहिलेलं तेच तोंड, तसंच जिवंत.

"अजून थोडं फिरू दे," आई म्हणाली. "लोण्यासारखं झालं नाही."

"फिरू दे रे," काकानं मागे हाक दिली, आणि ती हाक एकाकडून दुसऱ्याकडे, प्रत्येकाच्या वेगळ्या हेलात, खात्याच्या टोकापर्यंत गेली.

चहाच्या सुट्टीत दोघी मागच्या पायऱ्यांवर बसल्या.

"हे तू कधी सांगितलं नाहीस," लेक म्हणाली.

"दळणाची काय गोष्ट सांगायची? गोष्ट सरलेल्या दिवसांची असते. हे तर रोजचं. घरी येते तेव्हा जीभ दमलेली असते ग, म्हणून गप्प." ती लेकीकडे वळली. "माझं काही राहून गेलेलं नाही. मध्ये वाईट दिवस आले, ते तुझ्यापासून लपवले, एवढंच. आता तुझं सांग. माझ्याकडे न बघता."

लेकीनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"माणसं बोलतात ना, ते मी ऐकत बसते. काय बोलतात ते नाही, कसं बोलतात ते. आत्ता काकांची हाक पुढे गेली, तर चौघांनी चार तऱ्हांनी म्हटली. एकजण शेवटी ओढतो, एकजण गिळतोच. त्याचा विषय असतो. भाषाशास्त्र. पण त्याचं पुढे काय होतं ते मला माहीत नाही."

आईच्या जिभेवर खूप काही आलं. भिंतीचे पोपडे आले, बंद दारं आली, भूगोलच ना असं विचारणारी माणसं आली. तिनं ते सगळं तसंच आत ठेवलं.

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "भर."

लेकीनं मोबाइल काढला. आईनं मान दुसरीकडे वळवली, आपलं तोंड पाहून पोरीचं बोट अडखळू नये म्हणून. अंगणात कोकोची रिकामी पोती वाळत होती. ती त्यांच्याकडे बघत बसली, आणि कानांनी मात्र पोरीच्या श्वासाचा अंदाज घेत राहिली.

"झालं," लेक म्हणाली.

आतून काकानं हाक मारली. आई उठली, पदर झटकला.

"घरी जातेस की थांबतेस?"

"थांबते," लेक म्हणाली, आणि खात्याच्या दाराशी, जिथून सगळ्यांचे आवाज नीट ऐकू येतात, तिथे जाऊन बसली.