डोंगरावर अर्धा ग्रॅम

खाली, कारखान्यात : १०००.० ग्रॅम.

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या घरात मुली दोन आणि प्रमाणपत्रावर मारायचा शिक्का एकच. बाबा थकले होते. या महिन्यात तो एकीच्या हवाली करणार होते. थोरलीने वीस वर्षं दोन पारड्यांचे तराजू घासून डोळे अधू करून घेतलेले. धाकटी शिकून आली ती आकडे दाखवणारे काटे घेऊनच. कळ दाबली की झालं! वर बाबांचं कौतुक, "पोरीच्या हातात जादू आहे." थोरलीच्या हाताबद्दल बाबा वीस वर्षांत एवढंच बोलले होते, "जरा हात लाव गं इकडे."

डोंगरमाथ्यावरच्या औषधांच्या प्रयोगशाळेत नवा काटा जायचा होता. धाकटीने त्यावर एक किलोचं वजन ठेवलं, आकडा जुळवला आणि वजनासकट खोकं बंद केलं.

थोरली बघत होती. असा काटा जिथे बसवायचा तिथेच जुळवावा लागतो. तो पृथ्वीची ओढ मोजतो, आणि उंचावर ती ओढ जरा सैल पडते. धाकटीचे आजवरचे सगळे काटे याच गावात बसलेले, तिला कधी नडलंच नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. थोरलीने तोंड उघडलं.

"चिकटपट्टी वाकडी लागलीय."

वर, प्रयोगशाळेत : ९९९.५.

तक्रारीचा फोन आला आणि थोरलीच्या मनात उकळ्या फुटल्या. चेहरा मात्र लांब. दोघी वर गेल्या. थोरलीने आपला जुना तराजू मांडीवर घेतला होता.

"ताई, वजनच झिजलं गं," धाकटी रडकुंडीला आली. "मीच जोरात पुसलं असणार."

"पुसून अर्धा ग्रॅम जातो होय? काय, किसणीने पुसलंस?"

प्रयोगशाळेच्या बाई खुदकन हसल्या. त्यांनी आपलं एक किलोचं वजन दिलं. थोरलीने एका पारड्यात ते, दुसऱ्यात धाकटीचं ठेवलं. तराजूचा काटा मधोमध.

"झिजलं काही नाही, धातू तेवढाच आहे. इथे दोन्ही वजनं सारखीच हलकी होतात, म्हणून तराजूला फरक पडत नाही. तुझ्या काट्याला पडतो. जुळव आता इथेच."

धाकटीने कळ दाबली. १०००.०. बाई थोरलीकडे आदराने बघू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी...

फोन वाजला. बाबा.

"सापडलं का काही? धाकटीला दे बरं, तिलाच उमगेल."

थोरली फोनमध्येच ओरडली. "मला उमगलंय! खोकं बंद करतानाच उमगलं होतं!"

बोलली ती फुशारकी. खोलीत ऐकू गेली ती कबुली. धाकटी काट्यावरचा हात काढून तिच्याकडे बघत राहिली.

"आणि तू गप्प बसलीस?" बाबांनी विचारलं.

पुन्हा खाली.

शिक्का धाकटीला मिळाला. आठ दिवस ती थोरलीशी बोलली नाही. नवव्या दिवशी पहिलं प्रमाणपत्र लिहून तिने पुढे सरकवलं. "शिक्का मारायच्या आधी बघून देतेस, ताई?"

थोरलीने दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. एकही चूक नव्हती, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त झोंबलं.