चिकिगाकची खुर्ची

फेक्लाने फोनवर बापाला, वसिलीला, सरळ सांगून टाकलं होतं. "पोरीला पट्ट्यांनी बांधून बसवायची नीट खुर्ची मिळाली तर स्लावीला आम्ही दोघी येऊ. नाही मिळाली तर नाही. पोरीला मांडीवर घेऊन मी पुन्हा त्या विमानात बसायची नाही."

स्लावी म्हणजे त्यांच्या नदीकाठच्या गावात जानेवारीत येणारा नाताळ. गाणारे घरोघर फिरतात, घरचे त्यांना जेवू घालतात आणि गेलेल्या माणसाच्या नावानं काहीबाही वाटतात. बायको गेल्यापासून वसिलीने गाणाऱ्यांना घरी येऊ दिलं नव्हतं. यंदा त्याने या म्हणून सांगितलं होतं, पण ते नात येणार या भरवशावर.

बायकोचं नाव चिकिगाक. ती गेली आणि दोन महिन्यांनी फेक्लाला, ती राहते त्या अँकरेज शहरातल्या दवाखान्यात मुलगी झाली. त्यांच्या रीतीप्रमाणे तेच नाव मुलीला मिळालं. नाव आलं की माणूसही आलं. म्हणून फेक्ला आपल्या लेकीला "आई" म्हणायची, आणि वसिली तिला "म्हातारे" अशी हाक मारायचा, बायकोला मारायचा तशीच. पोरीच्या तोंडात घातलेला घास आणि अंगावर घातलेला कपडा तिकडे गेलेल्या बायकोला पोचतो, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका नव्हती.

पोर चार महिन्यांची असताना गावाला आली होती. परतताना नदीवर विमान एकदम खाली आदळल्यासारखं झालं आणि पोर फेक्लाच्या हातातून सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं. त्यानंतर फेक्ला गावाला आलीच नाही. वसिलीला आधी राग आला होता. आमची चार पोरं मांडीवर बसूनच उडाली, हिचंच काय नवीन, असं तो चारचौघांत बोललाही होता. पण दोन हिवाळे रिकाम्या घरात काढल्यावर तो स्वतःच विमानात बसून अँकरेजला आला.

"माप आणलं?" फेक्लाने लहान मुलांच्या सामानाच्या दुकानाच्या दारातच विचारलं. गावच्या छोट्या विमानातली सीट मोजून आणा, असं तिने बजावलं होतं.

"आणलं. दोन विती, चार बोटं."

"बाबा, टेप नव्हती घरात?"

"तुझ्या आजोबांची कयाक याच हातानं मापली. बुडाली का कधी?"

फेक्ला हसली आणि पोरीला ढकलगाडीत बसवून आत शिरली. पोरीची जुनी खुर्ची आता तिला लहान होत होती. गाडीला एक आणि विमानाला एक अशा दोन खुर्च्या ठेवायला फेक्लाच्या खोलीत जागा नव्हती. एकच हवी होती, रोज कामावर जाताना गाडीत चालणारी आणि विमानातही बसणारी.

वसिलीने आत येताच पसंती केली. काळी, जाडजूड गादीची, आत लोखंडी सांगाडा, दोन्ही बाजूंना पेला ठेवायची जागा. दुकानातली सगळ्यात मोठी.

"ही घे. म्हातारी आयुष्यभर स्लेजवर माशांच्या पोत्यावर बसली. आता बसू दे थाटात."

"उचलून बघा."

त्याने उचलली आणि कण्हत खाली ठेवली. "भक्कम आहे," तो म्हणाला.

फेक्लाने शेजारची एक स्वस्तातली उलटी केली. तिला स्वतःचे पट्टे नव्हते, गाडीचा खांद्यावरून येणारा पट्टाच पोराला धरणार. "ही विमानात चालत नाही. तिथे पट्टा नुसता कमरेला असतो." मग तिने काळीचं कापड वर करून खाली चिकटवलेला कागद शोधला. लाल अक्षरांत लिहिलं होतं की ही मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे चालते.

"बघ!" वसिली म्हणाला. "लाल शाईत लिहिलंय."

"लिहिलंय खरं. पण मावायला पण पाहिजे ना. मोजा."

वसिलीने हात पसरला. दोन विती आणि चार बोटं. बरोब्बर. जणू त्याच विमानासाठी बनवली होती. तो असा काही ताठ उभा राहिला, की दुकानदारणीलाही हसू आलं.

फेक्ला मात्र त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, विमानात मोजलं तेव्हा थंडी किती होती?"

"होती की. बेथेलला, विमान बदलतो तिथे, थुंकी खाली पडायच्या आत गोठत होती."

"मग हातमोजे काढून मोजलं?"

वसिलीच्या खिशातून बीव्हरच्या कातड्याचे जाडजूड हातमोजे निघाले. भर दुकानात, हीटर चालू असताना, त्याने ते चढवले आणि खुर्चीवर वीत धरली. मोज्यात अंगठा काही पुरता पसरेना. दोन विती झाल्या तरी खुर्ची चार बोटांहून पुष्कळ जास्त उरली होती.

"घ्या! आजोबांची कयाक," फेक्ला म्हणाली, आणि बाप-लेक हसायला लागले, ते ढकलगाडीला धरूनच. पोरही काही न कळता टाळ्या वाजवायला लागली.

"हसू नको म्हातारे," वसिली डोळे पुसत म्हणाला. "तूच शिवलेत हे."

मग तो मोजे घालूनच एकेका खुर्चीपाशी जाऊ लागला. शेवटच्या ओळीत एक अरुंद, साधी, राखाडी खुर्ची होती. दोन विती आणि जेमतेम तीन बोटं. एका हाताने उचलता येत होती, घडीही होत होती. खांद्यावरून आणि पायांमधून पट्टे होते, आणि खाली लाल अक्षरंही.

वसिलीला ती आवडली नाही. "पोरगी पुढच्या वर्षापर्यंत तरी मावेल का यात? आणि दिसते कशी! म्हातारीला देणार म्हणजे देण्यासारखं तरी हवं."

"पाच वर्षांची होईपर्यंत पुरेल, लिहिलंय. बाबा, आई सगळ्यात मोठं घ्यायची का सगळ्यात नीट बसणारं?"

वसिलीने मोजे काढून खिशात कोंबले. दुकानदारणीला विचारून फेक्लाने खुर्ची बाहेर गाडीत नेली. मागच्या सीटवर ठेवून तिने एक गुडघा तिच्यात रोवला, सगळं वजन त्यावर टाकलं आणि पट्टा ओढून घेतला. मग सैल झालेलं पुन्हा ओढलं. शेवटी पट्टा जिथून आत जातो तिथे धरून खुर्ची हलवली. गाडी हलली, खुर्ची हलली नाही.

वसिली बर्फात उभा राहून बघत होता. चिकिगाक स्लेजवर ओझं अशीच बांधायची. गुडघा रोवून, ओठ दाबून, कोणाशी एक शब्द न बोलता. तिने बांधलेलं ओझं नदीच्या खडबडीत बर्फावरून गेलं तरी त्यातलं एक चहाचं पाकीटसुद्धा पडत नसे. फेक्लाला हे कोणी शिकवलं नव्हतं. आणि दोन हिवाळे तो तिला भित्री समजत आला होता.

"घे हीच," तो म्हणाला.

बेथेलला छोट्या विमानात चढण्याआधी माणसं, सामान, सगळं काट्यावर चढलं. काळी खुर्ची घेतली असती तर गाणाऱ्यांसाठी आणलेली सफरचंदांची पेटी तिथेच ठेवावी लागली असती. पायलटने लाल अक्षरं वाचली आणि खुर्ची खिडकीशी ठेवायला सांगितली, म्हणजे कोणाची वाट अडणार नाही. फेक्लाने पुन्हा गुडघा रोवला. पायलटने खुर्ची धरून हलवून पाहिली.

"कोणी बांधली ही?"

"माझ्या लेकीनं," वसिली म्हणाला. विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाला, "खुर्ची निवडली पण तिनंच."

नदीवर वारा होताच. विमान पहिल्यांदा खाली गेलं तेव्हा वसिलीचं डोकं छताला लागलं आणि मागे पेट्या धडाधड आपटल्या. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पोर आपल्या खुर्चीत जशीच्या तशी होती, पट्ट्यांत घट्ट, टोपी डोळ्यांवर आलेली.

"अजून!" ती ओरडली.

"आई, गप्प बस गं," फेक्ला म्हणाली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. तिने एक हात बापाच्या गुडघ्यावर ठेवला.

"बाबा, घाबरलात?"

"मी? छे. म्हातारी घाबरली असेल म्हणून बघत होतो."

"ती बघा कशी बसलीय."

वसिलीने पाहिलं. पोर खिडकीला नाक लावून खाली बघत होती. पांढऱ्या नदीच्या काठी त्यांचं गाव दिसायला लागलं होतं. धावपट्टीशी कोणीतरी स्नोमोबाईल घेऊन उभं होतं. फेक्लाचा हात तसाच त्याच्या गुडघ्यावर होता. त्याने वर आपला हात ठेवला, आणि विमान थांबेपर्यंत दोघांपैकी कोणीच हात काढला नाही.