भैयाजींच्या टायरचे केस

"जी वस्तू माणूस जीवापाड जपतो, तिच्या अंगाला काळ हात लावत नाही. काळालाही लाज असते," असे भैयाजींनी ओसरीवरून जाहीर केले आणि पेटीत नऊ वर्षे जपून ठेवलेला स्वेटर अंगात चढवला. उजवी बाही खांद्यापासून सुटून त्यांच्या हातात आली. ललिताबाईंनी तांदूळ निवडता निवडता आधी बाहीकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिले, आणि एक खडा अंगणात फेकला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या जाहीरनाम्यांना त्यांनी याहून लांब उत्तर दिलेले नव्हते.

भैयाजी सिद्धान्त पुस्तकी मराठीत सांगत आणि चहा घरच्या बोलीत मागत. पाटबंधारे खात्यात त्यांनी तीस वर्षे कालव्याचे निरीक्षण केले. कालव्यानेही त्यांचे केले असावे, कारण दोघांनी एकमेकांविरुद्ध कधी तक्रार केली नाही. दोन हजार तेरा साली निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक कोरी मोटारसायकल घेतली आणि आपल्या गावी, कोंढ्याला आणून गोठ्याच्या कोरड्या बाजूला, ललिताबाईंच्या जुन्या लुगड्याखाली ठेवली. ती दर रविवारी बाहेर निघे, तलावाच्या पारीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत जाई आणि तशीच घरी येई. चिखल दिसला की भैयाजी उतरून तिला हाताने ढकलत नेत. बारा वर्षांत ती गाडी जितकी चालली, तितके गावातला पोस्टमन दोन वर्षांत सायकलने चालला असेल.

दसऱ्याला तिची पूजा होई. झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि मग दोन्ही टायरांना जवसाचे तेल. भैयाजी ते स्वतः चोळत, बाळंतिणीची मालीश करणाऱ्या बाईच्या तन्मयतेने, टायर आरशासारखा चमकेपर्यंत. पाहुणा आला की त्याला आधी गोठ्यात नेत आणि त्याचे बोट टायरच्या कडेला असलेल्या रबराच्या बारीक तंतूंवर टेकवत. "पाहा, जन्माचे केस हायेत. अजून जावळसुद्धा काढलं नाही आमच्या टायरचं."

त्यांचा एकुलता एक मुलगा चंद्रकुमार पवनीच्या वाटेवरच्या एका राइस मिलमध्ये कारकून होता. वय चौतीस, बायको शुभांगी, सहा वर्षांची मुलगी खुशी. त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलचा मागचा टायर इतका गुळगुळीत झाला होता की त्यात पाहून दाढी करता आली असती. पोळ्यानंतरच्या आठवड्यात ती गाडी ओल्या रस्त्यावर घसरली आणि चंद्रकुमार कोपर सोलून घरी आला. शुभांगीने हळद लावली. तो म्हणाला, "दोन्ही टायर नवे टाकून घेतो आता."

तेव्हा भैयाजी ओसरीवरून उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्याग करायचे ठरवले होते, आणि तो चारचौघांत व्हावा म्हणून शेजारच्या भुपेंद्रला, म्हणजे गावच्या उपसरपंचाला, हाक मारली. "नवे टायर कायले? माही गाडी घेऊन जा. टायर कोरे हायेत." त्यांनी लुगडे ओढून काढले. भुपेंद्रने टाळ्या वाजवल्या, खुशीने गाडीला टिळा लावला. असा बाप तालुक्यात नाही, असे गाव महिनाभर बोलत होते.

चौथ्या दिवशी चंद्रकुमार म्हणाला, "बाबूजी, गाडी बरोबर नाही वाटत. वळणावर तिरपी केली का मागून सरकते. ब्रेक मारला का धानाच्या दाण्यावर उभं असल्यासारखं होते."

"बारा वर्षं मले नाही सरकली ते?"

"तुम्ही वळत कोठी होते? पारीवर उतरून हातानं फिरवत होते."

भैयाजींनी हे ऐकले नाही, म्हणजे ऐकले पण नोंदवले नाही. खात्यातली सवय.

पुढच्या आठवड्यात चंद्रकुमारने पुन्हा विषय काढला. बसस्टँडवरच्या लिलाधर पंक्चरवाल्याने टायर पाहिला होता. नक्षी शाबूत आहे, पण रबर म्हातारे झाले, लाकूड झाले, रस्ता धरत नाही, असे तो म्हणाला होता. "बदलून टाकू का बाबूजी?"

भैयाजींना हा थेट त्यागाचा अपमान वाटला. ते पुस्तकी मराठीत गेले. "केस असलेला टायर जो फेकून देतो, तो उद्या बापालाही फेकून देईल."

चंद्रकुमार हसला. मग हसू आवरून म्हणाला, "राहू द्या बाबूजी." त्यानंतर तो वळणावर गाडी इतकी हळू घेऊ लागला की मागचे सायकलवाले घंटी वाजवत. बापाचे मन आणि स्वतःची हाडे, दोन्ही सांभाळायचा हा एवढाच उपाय त्याला सुचला.

नोव्हेंबरात धानाची कापणी चालू होती. ट्रॅक्टरांनी रस्त्यावर तणस आणि बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला चिखल सांडला होता, आणि सकाळी त्यावर दव पडे. अशाच एका सकाळी आठच्या सुमारास कालव्याच्या वळणावर मनिराम ढिवर सायकलला जाळे बांधून तलावाकडून येत होता. पुढे काय झाले ते त्याने पोलिसांना सांगितले, मग गावाला सांगितले, मग कोणी विचारले नाही तरी सांगितले. "जोरात नव्हता जी. मले वाट द्याले ब्रेक मारला त्यानं. दुसरी कोणतीबी गाडी थांबली असती. हे सरकली. शेवाळाच्या गोट्यावर पाय पडावा तशी." चंद्रकुमार छातीने कालव्यावरच्या पुलाच्या कठड्याला आदळला. तो कठडा पंधरा वर्षांपूर्वी भैयाजींच्या देखरेखीखाली बांधला होता. त्यांच्या नोकरीतले ते एकमेव काम, ज्याला अजून तडा गेला नव्हता. त्या दिवशीही गेला नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत चंद्रकुमार संपला होता.

त्याच्या खिशातून मोबाइल निघाला. त्यावर शुभांगीचे तीन फोन येऊन पडले होते. तो डबा घरी विसरला होता, म्हणून तिने केले होते. भैयाजींची बहीण गुणाबाई लाखनीहून आली, गळा काढला, पाणी प्यायली आणि मोबाइल पाहिला. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. "फोनच घेऊन गेला माह्या भाच्याले. एक डबा का विसरला, तीन तीन बार फोन! गाडीवरच्या माणसाले कोणी फोन करते का?" तिन्ही फोन उचललेले नव्हते, ही बाब त्या मोबाइलवरच लिहिलेली होती. पण वाचायला चष्मा लागतो, आणि दुःखात चष्मा कोण शोधतो? मनिरामने दोनदा सांगून पाहिले की चंद्रकुमारचे दोन्ही हात हँडलच्या मुठींवर होते. "तुले फोनमधलं काय समजते?" असे म्हणून गावाने त्याला गप्प केले.

शुभांगी खुशीला जेवू घालत होती आणि भिंतीकडे पाहत होती.

तिसऱ्या दिवशी भैयाजी लिलाधरच्या दुकानात गेले. पंचनामा आटोपून गाडी तिथे आणून टाकली होती. लिलाधरने मागचा टायर उतरवून बाजूला ठेवला होता. भैयाजी आले तसे त्याने हातातले काम थांबवले आणि त्यांचा अंगठा धरून टायरवर दाबला. अंगठा रुतला नाही. मग लिलाधरने दोन्ही हातांनी टायरची कड वाकवली. चमकत्या काळ्या कातडीखालून शंभर भेगा उघडल्या, उन्हाळ्यातल्या तलावाच्या तळासारख्या.

"नक्षी तर पूर्ण हाये," भैयाजी म्हणाले.

"नक्षी हाये जी. रबर मेलं. उभ्या गाडीचंबी मरते. पाच-सहा वर्षं झाले का बदला लागते." त्याने कडेवरचे चार आकडे दाखवले. बारा, तेरा. "दोन हजार तेराचा बारावा हप्ता, म्हणजे मार्च महिना. हे याची जन्मतारीख." भैयाजींनी बारा वर्षे हे आकडे तेलाने चमकवले होते. तो कंपनीचा माल क्रमांक असावा, असा त्यांचा समज होता. "अन् तेल कोण लावत होतं हो? तेलानं तर अजून लवकर कुजते."

भैयाजी स्टुलावर बसले.

"चंद्रकुमारभाऊले मी सांगतलो होतो," लिलाधर म्हणाला. "ते म्हणे, बाबूजीले विचारतो." मग त्याने इकडेतिकडे पाहिले. "मी कोणाले नाही सांगत जी. जे झालं ते झालं. टायर भट्टीत टाकून देऊ का?"

भैयाजींनी टायर हातात घेतला आणि खांद्याला अडकवून घरी आणला. गोठ्यात लुगड्याखाली ठेवला. आज सांगू, असे त्यांनी चौथ्या दिवशी ठरवले, पाचव्या दिवशीही ठरवले. ओसरीवर बसून तोंड उघडले की आतून सिद्धान्तच निघे. नियती, भोग, ईश्वरी संकेत. लोक माना डोलवत आणि चहा घेऊन जात. प्रत्येक सिद्धान्तानंतर शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थांबे आणि आत जाई. दहाव्या दिवशी घाटावर पिंडाला कावळा लवकर शिवेना. गुणाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कसा शिवन? ज्यानं जीव घेतला ते घरातच हाये ना." भैयाजींनी मान खाली घातली. कावळ्याला उद्देशून काही बोलण्याचे धैर्यही त्यांच्यात नव्हते.

तेरवीला अंगणात मांडव घातला. जेवणे उठली तशी गुणाबाईने मधोमध बसून पुढची व्यवस्था सांगितली. शुभांगीने उद्या आपल्या माहेरी, करडीला जावे. खुशी इथेच राहील. "पोरगी आमच्या घरची हाये. फोन करणारीनं आपल्या बापाच्या घरी जाऊन फोन करत राहावं."

खुशीने आईच्या पदराला दोन्ही हातांनी धरले. शुभांगीने सासऱ्याकडे पाहिले.

भैयाजी उठून गोठ्यात गेले आणि टायर घेऊन आले. पत्रावळी उचलणारे थांबले. त्यांनी टायर मांडवात मधोमध ठेवला आणि घरच्या बोलीत बोलले. "फोननं नाही मेला तो. यानं मेला. बारा वर्षांचा सडका टायर हाये. त्यानं मले दोनदा सांगतलं, बदलू म्हणून. मी नाही म्हनलो. मी मारलो माह्या पोराले."

भुपेंद्र पुढे आला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दुःखात माणूस काहीबी बोलते, भैयाजी. तुमचा टायर? पंचक्रोशीत असा टायर नाही. केस पाहा ना त्याचे!" दोन-तीन जण वाकून केस पाहू लागले. एकाने हात फिरवून 'कोराच हाये' असा निर्वाळा दिला. भैयाजींनी गुडघ्याखाली धरून टायर वाकवला, भेगा उघडून दाखवल्या. लोकांनी त्या पाहिल्या आणि लगेच दुसरीकडे पाहिले. मांडवाबाहेर एकोणीस मोटारसायकली उभ्या होत्या. त्यांच्या टायरांकडे पाहायची त्या घडीला कोणाचीच इच्छा नव्हती. फोनचे कारण सर्वांना सोयीचे होते. बायको सर्वांनाच होती आणि तिच्यावर रागावता येत होते.

"पटो का न पटो," भैयाजी म्हणाले, "शुभांगी कोठी जात नाही. खुशीबी नाही. कोणाले जायचंच असंल तर मी जातो."

गुणाबाईने तोंड उघडले. पण त्याआधी ललिताबाई बोलल्या, तेरा दिवसांत पहिल्यांदा. "बाई, तुमची लाखनीची बस दोनची हाये. पिशवी भरून ठेवली म्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामे झाले. भैयाजी अंगणात खुर्ची टाकून बसले. पहाटेपासून त्यांनी मनात एक भाषण जुळवले होते, पुस्तकी मराठीत, क्षमेच्या याचनेने सुरू होणारे. शुभांगी झाडणी घेऊन बाहेर आली तसे ते सावरून बसले. "शुभांगी, माझ्या अपराधाला या जगात प्रायश्चित्त नाही. ज्या बापाने..."

"त्यायनं मले सांगतलं होतं," ती म्हणाली. "टायरचं. पहिल्याच हप्त्यात."

भैयाजींचे भाषण तिथेच मोडले. "तुले माहीत होतं? मग तू बोलली काहून नाही? सारे तुले बोलून राहिले होते."

"मी बोलली असती तर कोणी ऐकलं असतं? म्हनले असते, सासऱ्यावर ढकलते." तिने काल पंगतीसाठी अंथरलेल्या, आता विस्कटलेल्या तणसाकडे पाहिले. "तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहिली. रोज. कावळा शिवत नव्हता तेव्हाबी."

मुलगा गेला त्या दिवशी रडले नव्हते तितके भैयाजी आता रडले, नाक पुसायचेही राहिले. ती उभी होती. थांबवलेही नाही, गेलीही नाही. शेवटी त्यांनी हात जोडले. "मले काहीतरी बोल. शिव्या दे. शिक्षा सांग. तू म्हणशील ते करतो, शुभांगी."

तिने थोडा विचार केला.

"मामाजी," ती म्हणाली, "जरा पाय वर घ्या. खालून झाडायचं हाये."