कुंपणातलं गवत

नगरशेजारच्या भिंगारला लष्करी डेपोत कारकून असलेल्या बापाची पुष्पावती ही थोरली लेक. पुण्याला विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचं एम. एस्सी. करत होती. त्यात तिने घेतलेला परिसरविज्ञान हा विषय तेव्हा नवाच होता. घरी कुणी विचारलं, की ती सांगे, "गवत मोजते." मग पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे.

एकाहत्तरच्या जूनमध्ये तिने पाथर्डीकडच्या एका डोंगरउतारावर, गावाची परवानगी घेऊन, दहा पावलं लांब-रुंद जागेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आत गुरं जाणार नाहीत, बाहेर चरतील, आणि दोन्हीकडचं गवत ती मोजणार. चराईने माळ उजाड होतो, असं पुस्तकात लिहिलं होतं. ते आकड्यांत दाखवायचं, एवढंच काम.

दिवाळीआधी तिने मोजलं, तर भलतंच निघालं. कुंपणाबाहेर गवताचे अकरा प्रकार, आत अवघे पाच! तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. अकरा आणि पाचच.

पुण्याला तिच्या मार्गदर्शक सरांनी वही चाळली आणि चष्मा काढला. "प्रकार ओळखण्यात चूक झालीय तुमची."

झालीही असेल, असं तिला वाटू लागलं. रात्ररात्र जागून तिने नमुने पुन्हा तपासले. चूक सापडेना, आणि आपण बरोबर आहोत असंही छातीठोकपणे म्हणवेना. शेवटी ती पुन्हा डोंगरावर गेली.

तिथे एक गाय आणि दोन बैल राखणारी कडूबाई तिला रोज भेटे. पुष्पावतीने तिला कुंपणाजवळ आणून विचारलं, "मावशी, आत गवत उंच आहे, पण प्रकार कमी. असं का?"

कडूबाईने आतल्या उंच, टोकदार कुसांच्या गवताकडे बोट दाखवलं. "कुसळी माजली की! कवळी असताना गुरं खात्यात ती. तू गुरं अडवलीस, मग तिला कोन खानार? बाकीच्याला दाबून टाकलं तिनं."

"म्हणजे गुरं चरलेली चांगली?"

"आता तसं कुठं म्हनले मी? पल्याडची टेकडी बघ. चरून चरून दगूड उरलाय."

"मग किती चरावीत?"

"ते सालावर हाय, पोरी."

पुष्पावती वही उघडून बसली. सालावर आहे, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

पुढचं साल आलं ते कोरडं. ऑगस्ट संपत आला तरी पाऊस नाही. ती डोंगरावर आली तेव्हा कुंपणाबाहेर नुसती माती होती. अकरातला एक प्रकारही दिसेना. आत मात्र जुनी वाळकी कुसळी गुडघाभर उभी होती. म्हणजे पुस्तकच खरं? मग मागल्या वर्षीचे अकरा कुठे गेले?

कडूबाई कुंपणाबाहेर उभी होती. बैल नव्हते, ती गाईला तेवढी घेऊन आली होती. गाईच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"तुजं मोजून झालं का गं?" तिने विचारलं. तिची नजर आतल्या गवतावर होती.

झालं नव्हतं. ऑक्टोबरची मोजणी राहिली होती, आणि तिच्याशिवाय प्रबंध अपुरा राहणार होता. पुष्पावतीने वही पिशवीत टाकली. मग वाकून तिने एका बाजूचे काटे ओढायला सुरुवात केली. हात खरचटले. "विळा आणलाय का, मावशी?"

कडूबाईने गवत कापलं, पण वीतभर बुडखे ठेवले. "सगळं घे," पुष्पावती म्हणाली, तर ती म्हणाली, "गड्डा ऱ्हाऊ दे. पुढं कवातरी पाऊस पडंलच."

प्रबंधात पुष्पावतीने सगळं लिहिलं. कुंपण स्वतः उघडल्याची तारीखसुद्धा. सर चिडले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "थोडक्यात सांगा, चराई चांगली की वाईट?"

तिच्या मनात दोन्ही वर्षांचे आकडे एकमेकांत गुंतले. "मला माहीत नाही, सर," ती म्हणाली. "दोन वर्षं पाहिली. दोन्ही वर्षांनी वेगवेगळं सांगितलं. आणखी बघायला हवं."

दुसरा वर्ग मिळाला. भिंगारला वडिलांनी पेढे वाटले. शेजारचे काकासाहेब म्हणाले, "झालं ना एकदाचं गवत मोजून?"

"नाही," ती म्हणाली, आणि जूनमध्ये डोंगरावर परत जायला सुट्टी देईल अशी नोकरी कुठे मिळते, याची चौकशी करू लागली.